घाटातल्या पुलाचे ऋण

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा कापूस हिंगणघाटच्या बाजारात जातो. तिथून मुंबई गाठायची तर लोहमार्ग थळ घाटच उतरतो. एहेगावची दरी उंच दगडी खांबांच्या पुलाने ओलांडणारा हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि दोन वर्षांनी गाडी नागपूरला पोचली. त्याआधी, १८६३ मध्ये, याच रेल्वे कंपनीचा भोर घाटमार्ग खुला झाला होता. तिथे २५ बोगदे खणले गेले. १८६१ मध्ये ४२ हजारांवर माणसे राबत होती. पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी हजारोंचा जीव घेतला. इतिहासात नावे उरली ती मुख्य अभियंता बर्कली आणि कंत्राटदार फॅव्हिएल, ट्रेडवेल यांची. त्या निनावी मरणांचे काही देणे आज आपल्याकडे येते का?

कर्मसिद्धांताचा आधार घेऊन कोणी म्हणेल, ज्याचे पाप त्याला. दीडशे वर्षांपूर्वीच्या कंपनीचा दोष आमच्या माथी का? पाप कर्त्याचेच, हे मान्य. ऋणाचा न्याय मात्र वेगळा आहे: ज्याने उपभोग घेतला, तो बांधला गेला. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्यासोबत मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. नफा इंग्रजांनी नेला, हेही खरेच. कंपनीला ५ टक्के परताव्याची हमी होती, तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. पण आपण लुटले गेलो म्हणून मजुराचे देणे फिटत नाही. मजुरी दिली होती, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. तरी थकलेल्या मजुरीवरूनच १८५९ मध्ये भोर घाटात दंगल झाली. आणि मजुरी चोख मिळाली असती तरी ती श्रमाची किंमत होती; जिवाची किंमत कोणी ठरवली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती.

मग फेडायचे कोणाला? मेलेल्यांना काही पोचवता येत नाही, आणि केवळ स्मारकशिळेवर माझा विश्वास नाही. मनुष्यऋण जिवंत माणसांतच फिटते: आज असेच पूल बांधणाऱ्यांत. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, थळ घाटाच्या पायथ्याचे कसारा ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथेच, सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि २० जण गेले. तोच महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. आपला माल आता त्यावरूनही धावतो.