आधी जागा, मग नाव

युरोपातल्या फुटबॉलमध्ये उन्हाळा हा खेळाचा नव्हे, बाजाराचा मोसम. सामने थांबलेले असतात आणि वर्तमानपत्रांचे रकाने कोण कुठे चालला, किती रकमेत चालला, याच बातम्यांनी भरलेले असतात. क्लबने बडा खेळाडू आणला की चाहते खूश, नाही आणला की मॅनेजर नालायक. पण हा खेळाडू घ्यायचं ठरवलं कोणी आणि कशासाठी, हे फारसं कुणी विचारत नाही. डावपेच मैदानावरचे आणि खरेदी कचेरीतली, अशी वाटणी आपण परस्पर करून टाकली आहे. मला ती मान्य नाही. संघात नेमकी कुठली जागा रिकामी आहे हे ओळखणं, हाच पहिला डावपेच. ते काम मॅनेजरचंच. ती जागा कोणी भरायची हे मात्र त्याने एकट्याने ठरवू नये.

याची सुरुवात पाहायची तर १९२५ सालात जावं लागतं. त्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढे चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तिघे असावे लागत. आता दोघे पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या मोसमात ११९२ गोल झाले होते, नव्या मोसमात ते १७०३ झाले. बचावाची जुनी मांडणी एका फटक्यात निकामी ठरली. त्याच उन्हाळ्यात हर्बर्ट चॅपमन हडर्सफील्ड सोडून आर्सेनलमध्ये आले. आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी या पदासाठी जाहिरात दिली होती आणि भरमसाट रकमा मोजून संघ उभारणाऱ्यांनी अर्जच करू नये, असं तीत बजावलं होतं. चॅपमन यांनी आल्या आल्या संडरलंडच्या चार्ली बकनला आणलं. सौदा असा, की रोख २००० पौंड आणि पहिल्या मोसमातल्या प्रत्येक गोलामागे १०० पौंड. बकनने २१ गोल केले आणि काटकसरी अध्यक्षांना दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागले.

पण बकन आला म्हणून संघ सुधारला नाही. ३ ऑक्टोबरला न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असं धुतलं. त्यानंतर बकनचं म्हणणं चॅपमन यांनी मानलं: मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभं करायचं. मागे एक माणूस वाढला म्हणजे मध्ये एक घटला. ती उणीव भरायला आघाडीतल्या एका इनसाइड फॉरवर्डने मागे सरकायचं. हे काम आपल्यालाच मिळेल असं बकनला वाटत होतं. चॅपमन यांनी साफ नकार दिला, कारण बकनचे गोल त्यांना हवे होते. त्यांनी निवडला तिसऱ्या संघातला अँडी नील. पायात वेग नाही, पण चेंडू ताब्यात ठेवून योग्य माणसाकडे पोचवण्याची अक्कल पक्की. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० असं हरवलं.

जागा आधी सापडली, माणसं नंतर आली. मागे खेचलेल्या सेंटर हाफच्या जागेसाठी १९२६ मध्ये ऑस्वेस्ट्री या लहानशा क्लबातून हर्बी रॉबर्ट्स आला, अवघ्या २०० पौंडांत. बकननंतर १९२८ मध्ये बोल्टनचा डेव्हिड जॅक आला १०,८९० पौंडांना. दहा हजारांची वेस ओलांडणारा तो पहिला सौदा. नीलने तात्पुरती भरलेली जागा १९२९ मध्ये प्रेस्टनच्या अ‍ॅलेक्स जेम्सला मिळाली, ८७५० पौंडांत. गोल करण्यासाठी नावाजलेल्या जेम्सला इतरांच्या गोलांची तयारी करायला सांगितलं गेलं आणि ते अंगवळणी पडायला त्याला बरेच महिने लागले. १९३१ मध्ये आर्सेनल पहिल्यांदा इंग्लंडचा विजेता झाला. जॅकच्या रकमेत पन्नासहून अधिक रॉबर्ट्स आले असते, पण रॉबर्ट्सशिवाय चॅपमन यांची रचना उभीच राहिली नसती. भाव बाजार ठरवतो, गरज रचना ठरवते, आणि या दोहोंचा मेळ बसेलच असं नाही. त्या दोनशे पौंडांत मॅनेजरची सगळी विद्या होती.

चॅपमन जागाही शोधत आणि माणूसही. ही दोन्ही कामं एका डोक्यात मावतातच असं नाही, हे ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर यांच्या जोडीने दाखवलं. संघाला जोशात आणून खेळवणं क्लफ यांचं आणि माणूस हेरणं टेलर यांचं. १९७७ मध्ये बर्मिंगहॅमचा केनी बर्न्स नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळत होता, पण भांडखोर आणि जुगारी म्हणून त्याची ख्याती. टेलर त्याच्या मागावर कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत जाऊन आले आणि मगच हो म्हणाले. बर्मिंगहॅममध्ये आघाडीला खेळणाऱ्या बर्न्सला फॉरेस्टने बचावात उभं केलं. त्याच मोसमात नुकताच वरच्या श्रेणीत आलेला फॉरेस्ट विजेता झाला आणि फुटबॉल पत्रकारांनी बर्न्सला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. मग लागोपाठ दोन युरोपियन कप आले. १९८२ मध्ये टेलर बाजूला झाले. क्लफ पुढे अकरा वर्षं फॉरेस्टमध्ये राहिले, पण ती उंची पुन्हा गाठता आली नाही.

एकहाती कारभाराच्या बाजूने सगळ्यात वजनदार साक्ष सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांची. नोव्हेंबर १९९२ मध्ये लीड्सकडून मँचेस्टर युनायटेडला फोन आला तो डेनिस अर्विन मिळेल का, हे विचारायला. फर्ग्युसन त्या वेळी अध्यक्षांच्या खोलीतच होते. त्यांनी उलट एरिक कँटोनाची चौकशी करायला लावली आणि काही दिवसांत सौदा पुरा झाला. याला नशीब म्हणणारे म्हणोत; पण आपला संघ खेळतो बरा आणि गोल करत नाही, हे मॅनेजरला आधीच टोचत नसतं, तर तो फोन अर्विनवरच संपला असता. मात्र फर्ग्युसन तिथे साडेसव्वीस वर्षं होते, हे विसरून चालत नाही. आज आणलेल्या पोराचं पाच वर्षांनी काय होणार, याचा जाब त्यांनाच द्यायचा होता. अधिकार आणि मुक्काम सारखेच लांब होते. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि व्यवहार सांभाळणारे डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात गेले, तेव्हा दोघांच्या डोक्यातली माहितीही त्यांच्याबरोबर गेली. नव्या मंडळींच्या हाती त्या उन्हाळ्यात अखेरच्या दिवशी लागला एक मारुआन फेलाइनी.

आता असा मुक्काम कुणाला मिळतो? खेळाडूचा करार चार-पाच वर्षांचा आणि मॅनेजरची खुर्ची पुढच्या तीन पराभवांची. अशा माणसाला उद्याच्या सामन्याला तयार असलेला, ओळखीचा, अनुभवी खेळाडूच हवा असणार. त्यात त्याचा दोष नाही. क्लबचं हित मात्र तेवढ्यात भागत नाही. म्हणून स्पोर्टिंग डायरेक्टर आले, आकडेवारीची माणसं आली. पण नुसती समिती नेमून प्रश्न सुटत नाही, हे लिव्हरपूलने किंमत मोजून शिकलं. २०१५ च्या उन्हाळ्यात ब्रेंडन रॉजर्स यांना हवा होता उंच, धिप्पाड क्रिस्तियान बेंटेके आणि समितीला हवा होता रॉबर्टो फर्मिनो. दोघेही घेतले. हा तडजोडीचा सर्वांत महागडा प्रकार. मोसम सुरू होऊन जेमतेम दोन महिन्यांत रॉजर्स यांना जावं लागलं. युर्गेन क्लॉप आले, तेव्हा त्यांच्या खेळाला हवा होता चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारा आणि बाजूच्यांना वाट करून देणारा आघाडीवीर. तो फर्मिनोच्या रूपात हजर होता. बेंटेके वर्षभरात विकला गेला.

क्लॉप यांचा मोठेपणा मला त्यापुढे दिसतो. २०१७ मध्ये बाजूच्या जागेसाठी त्यांच्या मनात युलियान ब्रांट होता. क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि त्यांच्या विश्लेषकांनी मोहम्मद सलाहचा घोशा लावला. क्लॉप यांनी ऐकलं आणि ही गोष्ट नंतर जाहीरपणे मान्यही केली. सलाहने पहिल्याच मोसमात सर्व स्पर्धांत मिळून ४४ गोल केले. जागा मॅनेजरने सांगितली, नाव दुसऱ्यांनी सुचवलं, आणि आपल्या पसंतीचं नाव मागे घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या वादाची एक देशी आवृत्ती गोवा आणि मुंबईच्या दरम्यान घडली. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. त्यांचा खेळ गोलरक्षकापासून पास देत वर चढण्याचा. त्याला मध्ये खोलवर राहून चेंडू वाटणारा लागतो. ते काम अहमद जाहूने केलं. बचावात आला मुर्तादा फॉल, जो मोरोक्कोत त्यांच्याच हाताखाली खेळला होता. आणि डाव्या बगलेवरून चढाया करणाऱ्या गोव्याच्या मंदार राव देसाईला त्यांनी डावा बचावपटू बनवलं. धावण्याचा रस्ता तोच, फक्त सुरुवात चाळीस पावलं मागून. २०२० च्या जानेवारीअखेर, साखळीतले तीन सामने उरले असताना, क्लबने लोबेरांना काढलं. संघाने साखळीतलं अव्वल स्थान पटकावलंच, पण त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि जाहू, फॉल, ह्यूगो बुमूस, मंदार हे चौघेही तिकडे गेले. महासाथीमुळे पुढचा अख्खा मोसम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाला. मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टींवर ६-५ असं हरवलं आणि फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकला.

यावरून मॅनेजरच्या हाती सगळं द्यावं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्यानंतर सातच महिन्यांत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, लोबेरा मुंबईतूनही गेले. २०२३ मध्ये ते ओडिशाला आले, तेव्हा जाहू आणि फॉल पुन्हा त्यांच्या संघात होते. रचना त्यांची आणि माणसंही त्यांचीच. क्लबचे रंग तेवढे बदलत गेले. मुंबई मात्र त्यांच्या जाण्याने कोसळली नाही. डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली २०२२-२३ मध्ये ती पुन्हा साखळीत अव्वल राहिली. गोवाही खचला नाही. हुआन फेरांडो यांच्याबरोबर २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. प्रशिक्षक गेल्यावरही, आपल्याला कसं खेळायचं आहे आणि त्यासाठी कुठे कोण कमी आहे, हे सांगू शकणारं कुणीतरी दोन्हीकडे उरलं होतं.

म्हणून मॅनेजरला खरेदीत किती अधिकार असावा, याचं माझं उत्तर सरळ आहे. कुठली जागा, त्या जागेवरच्या माणसाने चेंडू पायात असताना आणि नसताना काय करायचं, हे त्याने लेखी द्यावं. त्यात न बसणारा खेळाडू, मग तो मालकाचा कितीही लाडका असो, नाकारण्याचा हक्क त्याला असावा. नावं मात्र निदान दोघांनी वेगवेगळी आणावीत आणि त्याने ती मोकळ्या मनाने पाहावीत. त्याला काढताना क्लबने तो कागद फाडू नये. नव्या माणसाची निवड तोच कागद पुढ्यात ठेवून करावी, कारण मॅनेजर हाही एका जागेवर आणलेला माणूसच असतो.