कागद जुळत नाही तेव्हा

फ्रान्समधले गणितशिक्षणाचे अभ्यासक गी ब्रूसो यांनी रचलेला एक वर्गप्रकल्प या क्षेत्रात बराच गाजलेला आहे. मुलांच्या गटाला एक कोडं दिलं जातं. पुठ्ठ्याचे काही तुकडे नीट जुळवले की त्यांचा चौरस होतो. मग काम सांगितलं जातं, हेच कोडं मोठं करा. मूळ कोड्यात जी बाजू ४ सेंटिमीटर आहे, ती नव्यात ७ झाली पाहिजे. प्रत्येकानं एकेक तुकडा वाटून घ्यायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चौरस जुळवायचा. बहुतेक मुलांना उत्तर लगेच सुचतं. चाराचे सात झाले म्हणजे तीन वाढले, तर प्रत्येक बाजूत तीन मिळवा. मापं घेतली जातात, रेघा आखल्या जातात, कात्री चालते आणि शेवटी काहीच जुळत नाही. समजा, एका बाजूला २ आणि ४ चे दोन तुकडे शेजारी आहेत आणि त्यांना लागून ६ चा एकच तुकडा आहे. तीन-तीन मिळवल्यावर इकडे ५ आणि ७ मिळून १२ होतात, तिकडे मात्र ९. मुलांचा पहिला संशय रीतीवर जात नाही, शेजाऱ्याच्या कात्रीवर जातो: तू वाकडं कापलंस. पुन्हा काळजीपूर्वक कापूनही जुळत नाही, तेव्हा कुठे बेरीज सोडून गुणाकाराकडे, म्हणजे २ चे साडेतीन, ४ चे सात आणि ६ चे साडेदहा करण्याकडे, विचार वळतो.

इथे प्रश्न अध्यापनतंत्राचा वाटतो, पण मुळात तो ज्ञानमीमांसेचा आहे. त्या पुठ्ठ्यानं मुलांना नक्की काय शिकवलं? भूमितीतलं सत्य हाताला कळतं की बुद्धीला? ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका सरावाचा झाला आहे की हा प्रश्न कुणी विचारतच नाही. हात लावला की कळतं, असं गृहीत धरलं जातं. प्लेटोला हे मुळीच मान्य झालं नसतं. डेलॉस बेटावरची घनाकार वेदी दुप्पट करण्याचं कोडं सोडवताना आर्किटस, युडॉक्सस आणि मेनेक्मस या गणितज्ञांनी यांत्रिक साधनं वापरली, म्हणून प्लेटो त्यांच्यावर रागावला, असं प्लुटार्क सांगतो. भूमिती इंद्रियांच्या चिखलात ओढली गेली, तिचं सत्त्वच गेलं, असा त्या रागाचा आशय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सातवीच्या वर्गात त्रिकोणाचे तिन्ही कोन कोनमापकानं मोजून बेरीज करायला सांगा. कुणाची १७९ येईल, कुणाची १८१, कुणाची १८३. मोजमापाचा पुरावा प्रामाणिकपणे घेतला, तर तो प्रमेयाच्या बाजूनं उभाच राहत नाही. तरी फळ्यावर १८० लिहिलं जातं आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. मग मोजायला तरी कशाला लावलं?

हाच पेच आपल्या दर्शनांमध्ये वेगळ्या वाटेनं आलेला आहे. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिले, आणखी दहा ठिकाणी पाहिले. पण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे कशावरून, असं चार्वाक विचारतो. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याची ग्वाही कशी देणार? त्यावर नैयायिकांचं उत्तर असं की नुसतं वारंवार पाहणं पुरेसं नाही. व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारं उदाहरण, कुठे आढळत नाही ना हे पाहावं लागतं आणि उरलेल्या शंकेचं निरसन तर्कानं करावं लागतं. धूर-अग्नीपुरतं हे उत्तर चालून जाईल. भूमितीत अडचण आणखी खोल आहे, कारण तिथे प्रत्येक उदाहरण थोडं थोडं चुकलेलंच असतं. कागदाचे कोपरे फाडून एका रेषेत लावणारा मुलगा जे पाहतो ते ‘जवळजवळ सरळ’ एवढंच. ‘जवळजवळ’पासून ‘असलंच पाहिजे’पर्यंत जाणारा पूल कितीही कोपरे फाडले तरी बांधला जात नाही.

शिवाय डोळा फसतो तो वेगळाच. ८ बाय ८ चौकटींचा चौरस घ्या. त्याचे दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन असे चार तुकडे करा आणि ते ५ बाय १३ च्या आयतात मांडा. चौसष्ट चौकटींच्या पासष्ट झाल्या! जुनं कोडं आहे आणि वर्गात हमखास रंगतं. लबाडी कर्णात असते. त्रिकोणाच्या तिरप्या बाजूचा चढ आठास तीन आणि समलंब चौकोनाचा पाचास दोन, एक ०.३७५, दुसरा ०.४. दोन्ही एका रेषेत आहेत असं वाटतं, पण नसतात. मधे एक लांबट, सुईसारखी फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक चौकट भरतं. हे नुसतं पाहून कळत नाही, दोन गुणोत्तरं ताडून पाहिली तरच कळतं. प्रत्यक्ष हेच प्रमाण मानणाऱ्या शिक्षकानं हे कोडं एकदा वर्गात न्यावं.

म्हणजे प्लेटोचं खरं आणि कात्री-पुठ्ठा कपाटात ठेवावा, असं झालं का? नाही. कागद सिद्ध करू शकत नाही, पण नाकारू शकतो, आणि कोवळ्या वयात या नकाराची किंमत सिद्धतेपेक्षा कमी नसते. ब्रूसोच्या कोड्यात पुठ्ठ्यानं गुणाकार शिकवला नाही, त्यानं बेरीज फेटाळली. शिक्षकानं तांबडी फुली मारली असती, तर मुलानं ती त्याच्या मर्जीचा भाग समजून सोडून दिली असती. तुकडा बसत नाही, तेव्हा तिथे कुणाची मर्जी चालत नाही. ज्याला आपण गणितातली अपरिहार्यता म्हणतो, तिची पहिली ओळख अशी होते. गंमत म्हणजे प्लेटोच्याच ‘मेनो’ या संवादात हेच घडतं. दोन फुटी चौरसाच्या दुप्पट चौरस कसा काढायचा, असं सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. आकृती काढल्यावर चाराचे आठ न होता सोळा होतात. मग तो तीन फूट म्हणतो. आकृती नऊ दाखवते. दोन्ही वेळा त्याला आकृतीनं अडवलं. त्यानंतरच कर्णाची वाट सापडते आणि ती का बरोबर आहे हेही पटतं. आत्म्याला हे आधीच ठाऊक होतं, असा निष्कर्ष प्लेटो काढतो. तो मान्य करा वा करू नका. त्या आत्म्यालाही आठवण व्हायला समोर आखलेल्या रेघा लागल्या, एवढं तर खरं.

धर्माच्या बाजूनं पाहिलं तर वस्तूच्या या नकाराचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शुल्बसूत्रांत आहे. बौधायन, आपस्तंब, कात्यायन, मानव यांची ही सूत्रं म्हणजे दोरी आणि खुंट्यांनी यज्ञवेदी आखण्याचे नियम. आहवनीय अग्नीची वेदी चौकोनी, गार्हपत्य अग्नीची गोल, पण दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं हवं. श्येनचितीचे, म्हणजे पक्ष्याच्या आकाराच्या वेदीचे, पाच थर, थरात दोनशे विटा, एकूण हजार आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत. क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष (पुरुष हे लांबीचं माप). पुढच्या प्रत्येक चयनात, म्हणजे वेदीच्या रचनेत, एक वर्ग पुरुष वाढवायचा, मात्र पक्ष्याचा आकार तसाच ठेवायचा. यावर एक आक्षेप रास्त आहे: हे तर विधीचं आज्ञापालन, यात तत्त्वचिंतन कुठे? सूत्रांत युक्लिडसारख्या सिद्धता मांडलेल्या नाहीत, हेही खरंच. पण आज्ञा फक्त ‘काय हवं’ ते सांगते. ते कसं साधेल यावर तिची सत्ता चालत नाही. साडेसाताचे साडेआठ करताना प्रत्येक बाजूत सारखीच भर घातली, तर पक्षी बेढब होतो, मग ऋत्विज कितीही श्रद्धावान असो. श्रद्धेनं काटेकोरपणाची अट घातली आणि अट पुरी करताना युक्तीलाच शरण जावं लागलं. दोनाच्या वर्गमुळासाठी तिथे दिलेली किंमत ५७७/४०८ इतकी येते आणि ती दशांशचिन्हानंतर पाचव्या स्थळापर्यंत बरोबर आहे. खुंट्या ठोकायला एवढी सूक्ष्मता लागत नाही. दोरीच्या जाडीतच तिच्यापेक्षा मोठी चूक लपून जाते. म्हणजे हातानं सुरू झालेलं काम हाताच्या गरजेपुढे गेलेलं होतं. माझ्या मते सिद्धतेची भूक हीच.

आता शाळेकडे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे जमायचं कसं, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे आणि अभ्यासक्रम संपवायचा धाकही खोटा नाही. पण वेळ जातो कुठे तेही पाहावं. थर्माकोलचा शंकू, चकचकीत कागद लावलेला घन, चार्टपेपरवरचा पायथागोरस. आदल्या रात्री आईवडलांनी केलेले हे प्रकल्प कुठेही चुकूच शकत नाहीत, कारण त्यांना काही जुळवायचंच नसतं. वर्ध्याला १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीम या शिक्षणयोजनेत सूत कातायची टकळी होती. सूत नीट निघालं की नाही हे सूतच सांगायचं. सजावटीच्या प्रकल्पात असा पंच नसतो. पुण्यात अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेली आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी अगदी थोड्या खर्चात होतात, पण त्यात चौकोन डळमळतो आणि त्रिकोण जागचा हलत नाही. ‘का?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून आपोआप निघतो. त्याचं उत्तर मात्र आगकाडीत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, या युक्तिवादात आहे, आणि तो शिक्षकानंच फळ्यावर घ्यायला हवा. प्रकल्प तिथवर न्यायचा नसेल, तर प्लेटोचा राग योग्यच होता.

श्येनचितीचा पक्षी आठवीच्या वर्गात सहज नेता येईल. आलेखकागदावर साडेसात चौरसांचा सरळ कडांचा पक्षी काढायचा आणि साडेआठाचा करायला सांगायचं. बौधायनाची रीत अशी की वाढीव भागाचे पंधरा वाटे करून प्रत्येक चौरसात दोन वाटे घालायचे. मग मूळच्या एका चौरसाचं क्षेत्रफळ १७/१५ होतं. आता त्याची बाजू किती, हे कोणत्याही पट्टीवर नेमकं सापडणार नाही, कारण ती संख्या अपूर्णांकात बसतच नाही. ती कर्णाच्या नियमानं, दोन चौरसांचा एक चौरस करून, आखावी लागते. काही मुलं १.०६ घेऊन मोकळी होतील आणि त्यांचा पक्षी डोळ्यांना अगदी ठीक दिसेल. तो ठीक आहे का, यावर वर्गात वाद होऊ द्यावा.