डोंगरांचं दूध

सकाळी उठलं की जमिनीला आधी हात लावायचा, पाय ठेवते म्हणून तिची क्षमा मागायची आणि मगच उभं राहायचं, हे आजीने शिकवलं. सत्तरी आली तरी ती सवय टिकून आहे. मधली तीस वर्षं मी नागपुरात भूशास्त्र शिकवलं. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन गोंदिया, बालाघाट, बैहर करत मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर जायचे. पहाटे जिची क्षमा मागितली तिच्यावरच दुपारी हातोडी चालायची.

त्या मुलखात बैगा आदिवासी राहतात. नांगर आईची छाती फाडतो, म्हणून त्यांचे पूर्वज नांगर धरत नसत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ सालच्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. खाणीच्या काठावर हे सांगितलं, तेव्हा एका मुलीने खाली बोट दाखवून विचारलं, "मॅडम, मग ह्याला काय म्हणायचं?" मी तिला तांब्याची टक्केवारी सांगितली. ते उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच १९३९ साली डच भूवैज्ञानिक ज्याँ जाक डोझी यांचा अहवाल छापला गेला. तीन वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या हिमशिखरांखाली, गवताळ माळावर उभा असलेला एक काळा सुळका त्यांनी पाहिला होता. नाव दिलं एर्ट्सबर्ग, म्हणजे धातुकाचा डोंगर. मग महायुद्ध आलं आणि अहवाल वीस वर्षं पडून राहिला. १९७०च्या दशकात सुळका खणायला घेतला. १९८८ साली शेजारीच ग्रासबर्ग सापडला, तांबं आणि सोनं दोन्हींचा प्रचंड साठा.

तो बनला कसा, हे सांगताना माझा आवाज आजही बदलतो. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी शिलारस वर चढला आणि पृष्ठभागाच्या थोडा खाली थबकला. थिजता थिजता त्यातून खारट, उकळतं पाणी सुटलं. त्याच्या दाबाने खडक तडकला, केसाएवढ्या हजारो भेगांत ते पाणी शिरलं आणि निवताना त्यांत पितळी चाल्कोपायराइट, मोरपंखी बोर्नाइट आणि त्यांच्या पोटात सोन्याचे कण ठेवून गेलं. टनभर दगडात जेमतेम ग्रॅमभर सोनं. भूशास्त्राच्या हिशेबात तीस लाख वर्षं म्हणजे कालचीच गोष्ट, पण माणसासाठी तो डोंगर पुन्हा भरणार नाही.

तिथल्या आमुंग्मे लोकांसाठी तो डोंगर म्हणजे आईचं मस्तक. १९६७ साली खाणकाम करणाऱ्या कंपनीने करार केला तो इंडोनेशियाच्या सरकारशी. आमुंग्मेंना कोणी विचारलं नाही. पुढे दिवसाला दोन लाख टनांहून अधिक खाणगाळ नदीत सोडला गेला. नदीच्या खालच्या अंगाला कामोरो राहतात, मासे आणि साबुदाण्याच्या झाडांवर जगणारे.

मी बरीच वर्षं पृथू राजाच्या कथेचा आधार घेत आले. पृथ्वी गाय झाली, राजाने तिचं दोहन केलं. मग धातू म्हणजे दूधच, त्यात पाप कसलं? निवृत्तीनंतर भागवताचा चौथा स्कंध नीट वाचला. तिथे प्रत्येक दोहनाआधी वासरू कोण, हे सांगितलं आहे. वासरू पुढे आल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आणि धातूंचं दोहन माणूस करतच नाही. ते डोंगर करतात, हिमालयाला वासरू करून, आणि धातू राहतात त्यांच्याच माथ्यांवर.

माझ्या घरातल्या विजेच्या तारा तांब्याच्या आहेत. खाणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण पृथ्वीला आई म्हणायचं असेल, तर वासराला बाजूला ढकलून काढलेल्याला दूध म्हणता येणार नाही. सकाळची क्षमा पाय ठेवण्यापुरती आहे. तिच्यात खणण्याची परवानगी मी घुसवली होती.

त्या मुलीला आज मी म्हणेन, ह्याला ओरबाडणं म्हणायचं, बाळ. एर्ट्सबर्गचा काळा सुळका आता नाही. त्या जागी खड्डा आहे.