चिखलातून सरळ

आइसलँडच्या राजधानीपासून, रेक्याविकपासून, गाडीने पाऊणएक तासावर रेक्यादालुर नावाची दरी आहे. नावाचा अर्थच वाफेची दरी. हेंगिल या ज्वालामुखी डोंगराच्या परिसरातली ही जागा: जमिनीतून वाफ निघते, राखाडी चिखल खदखदतो, आणि ओढ्याचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम. इथे एका दिवसाच्या गाइडेड माउंटन बाइक ट्रिप होतात. अशा वाटांवर एक साधा नियम असतो. वाट सोडायची नाही. मध्ये चिखल आला तर त्यातूनच सायकल घालायची, बाजूने नाही.

कारण सोपं आहे. एकजण चिखल टाळायला कडेने जातो. मग तिथेही चिखल होतो, म्हणून पुढचा आणखी कडेने. बघता बघता एका वाटेच्या चार होतात. आणि कडेला काय असतं? मॉसची मऊ गादी. ती इतकी सावकाश वाढते की एकदा उखडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. वसंतात वरची माती वितळते, पण खालची अजून गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही, सगळा लगदा होतो. २०१८ मध्ये ही दरी याच कारणासाठी काही आठवडे बंद ठेवावी लागली होती. त्यात बहुतेक चालणारेच होते, सायकलवाल्यांनी लगेच खजील व्हायला नको.

गंमत अशी की उकळत्या कुंडापाशी हाच नियम सगळे निमूट पाळतात. तिथे जमिनीचा पापुद्रा पातळ असतो, पाय आत गेला तर भाजून निघेल. मॉस कुणाला भाजत नाही. म्हणजे मघाशी आपण पाळला तो नियम होता, की नुसती भीती?

‘माझ्या एका टायरने काय होतंय?’ हा युक्तिवाद खोटा नाही, हीच अडचण आहे. खरंच फारसं काही होत नाही. तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये हजार छळकर्ते कल्पिले. प्रत्येकजण एक बटण दाबतो, त्याने प्रत्येक कैद्याची वेदना न जाणवण्याइतकी वाढते. हजारांनी दाबल्यावर कैदी तळमळत असतात आणि दोषी कुणीच सापडत नाही. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. अॅप कासवासारखं चालतं, पण प्रत्येकाने वाढवलेले असतात फक्त काही मिलिसेकंद.

कुणी म्हणेल, याच हेंगिलच्या कुशीत हेल्लिशेइदीचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, २००६ पासून सुरू, ३०३ मेगावॉटचं. विहिरी खणल्या, पाइप टाकले, तिथे माझ्या चाकाची काय कथा? मला हे पटत नाही. त्या केंद्रातून शहराला वीज आणि घरं उबदार ठेवायला गरम पाणी जातं. त्याच्यावर उघड वाद घालता येतो, जाब विचारता येतो. कडेने गेलेल्या चाकाने फक्त माझे बूट वाचतात, आणि त्याचा जाब कुणीच विचारत नाही.

‘पैसे भरलेत, गाइड बघेल’ हेही तितकंच लंगडं. गाइड असतो पुढे. रांगेतल्या शेवटच्या सायकलने डबकं कसं ओलांडलं, हे त्याला दिसतही नाही. आणि बुटांचं म्हणाल, तर पुढे गरम ओढा आहेच.