रुग्ण, अतिथी आणि निर्यात

‘वैद्यकीय पर्यटन’ हा जोडशब्द आता रूढ झाला असला, तरी त्यातील दोन पदे एकमेकांशी फटकूनच वागतात. पर्यटक हौसेने घर सोडतो, रुग्ण नाइलाजाने. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या व्यवहाराचे स्वरूप अधिक नेमकेपणाने सांगितले. परकीय चलन घेऊन परदेशी रुग्णांवर केलेले उपचार ही निर्यातच मानावी आणि निर्यातीच्या सवलती त्यांना मिळाव्यात, असे त्यात म्हटले आहे. निर्यात करावी ती घरची गरज भागून उरलेल्या वस्तूची, ही आपली साधी समजूत. आपल्याकडे उपचार असे उरले आहेत काय?

या प्रश्नाची दोन्ही अंगे बंगळूरमध्ये पाहावयास मिळतात. खंडित झालेली दिल्ली-लाहोर बससेवा २००३ च्या जुलैत पुन्हा सुरू झाली, तेव्हा लाहोरहून आलेल्या बसमध्ये अडीच वर्षांची एक मुलगी होती. बंगळूरच्या नारायण हृदयालयात तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तिला पर्यटक म्हणणे कोणाच्याही मनास रुचणार नाही. त्याच वर्षी कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना महिना पाच रुपयांत शस्त्रक्रियेचे संरक्षण देणारी ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. तिच्या आखणीत त्याच रुग्णालयाचे संस्थापक डॉ. देवी शेट्टी यांचा वाटा होता. दूरचे मूल आणि जवळचा शेतकरी यांच्यात मुळात वैर नाही.

वैर निर्माण होते ते एकाचे उपचार दुसऱ्याच्या पैशावर टांगले गेल्याने. परदेशी रुग्णाच्या शुल्कातून गरिबाचा खर्च निघतो, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. परंतु मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली आणि हा ओघ आटला, तेव्हा गरिबाचे दुखणे काही थांबले नव्हते. परक्याच्या तिकिटावर अवलंबून असलेल्या उपचारांना हक्क म्हणता येत नाही. ती कृपा होय, आणि कृपा केव्हाही आवरती घेता येते. शिवाय शल्यविशारदाचे कौशल्य हे केवळ त्याच्या एकट्याचे धन नसते. अनेकांच्या शिक्षणाचा भार सरकारी महाविद्यालयांच्या रूपाने समाजाने वाहिलेला असतो.

निर्यातीच्या भाषेत परदेशी रुग्णावरही अन्यायच होतो. ग्राहकाशी असलेले नाते देयक चुकते होताच संपते. मायदेशी परतल्यावर जखम चिघळली, तर त्याने कोणाकडे पाहावे? माल बंदरातून सुटला की विक्रेता मोकळा होतो. वैद्य तसा मोकळा होत नाही. मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला, तेव्हा देहाच्या प्रांतात बाजाराने कोठेतरी थांबलेच पाहिजे, हे आपण मान्य केले होते.

परक्यासाठी दार उघडे ठेवणे हे शहराचे भूषणच. मात्र त्या दारातून आत कोणाला आधी घ्यावे, हे व्याधीच्या निकडीने ठरावे. लाहोरच्या मुलीला आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्याला हा एकच न्याय लागू करता येतो. आणि तो लागू होतो तेथेच रुग्णालय हे रुग्णालय राहते.