बांधावरचा शेंदरी दगड

आमच्या आज्यानं एंड्रिनचे दोन डबे पुरले तेव्हा मी चौथीत होतो. कपाशीवर मारून उरलेलं औषध गोठ्याच्या वळचणीला ठेवलेलं. एक डबा कलंडला आणि आमच्या लाख्या बैलानं तिथलीच वैरण खाल्ली. दुपारपर्यंत बैल गेला. आज्यानं खालच्या बांधाच्या कोपऱ्यात पुरुषभर खड्डा काढून डबे गाडले, वर दगड रोवला आणि त्याला शेंदूर फासला. "द्येवाची जागा म्हटली की कोण कुदळ लावत न्हाई," म्हणाला.

आजा गेला. दगडाचा म्हसोबा झाला. बाया नारळ फोडू लागल्या. मग कुणीतरी उठवलं की म्हसोबाच्या खाली गुप्तधन आहे, आणि एका अवसेच्या रात्री तिथं खणती झाली. सकाळी बघतो तर खड्ड्याच्या कडेला लिंबं, हळद-कुंकू आणि कुदळीनं फोडलेला डबा. कोण आलं होतं ते आजतागायत कळलं नाही. वडिलांनी तोंडाला फडकं बांधून सगळं पुन्हा गाडलं, आणखी खोल. या खेपेला दगड ठेवला नाही. वरनं नांगर फिरवला आणि जागा फक्त मला दाखवली.

फिनलंडमधल्या ओन्कालोविषयी वाचत होतो, तेव्हा हा कोपरा डोळ्यांपुढं आला. तिथल्या अणुभट्ट्यांचं जळून संपलेलं इंधन कायमचं पुरायला ओल्किलुओतो बेटावर ४३० मीटर खोल बोगदे खोदलेत. म्हणजे चौदाशे फूट. आमच्याकडची बोअर पाचशे फुटांवरच दम टाकते. तिथला खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा. इंधन बिडाच्या साच्यात, साचा तांब्याच्या जाड नळकांड्यात, आणि भोवती बेंटोनाइट माती. ही माती पाणी लागलं की फुगते आणि फटी बुजवते. आपल्या काळ्या रानाची मातीही याच गुणाची, पावसात फुगणारी. फक्त आपली उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती कुणी तिथं नेणार नाही!

गावाला न विचारता हे केलं, असंही नाही. तिथल्या नगरपालिकेला नकाराचा अधिकार होता. तिनं होकार दिला. २००१ साली संसदेत १५९ विरुद्ध ३ मतांनी ठराव झाला. आपल्याकडं धरणाखाली गेलेल्या गावांना एवढं तरी कुणी विचारलं होतं का? पण हिशेब लाख वर्षांचा. इंधनातलं प्लुटोनियम निम्मं व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. लाख वर्षांनी जो तिथं राहील त्याचं मत कुठल्या सभेत धरायचं?

आणि त्याला सांगायचं कसं? अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरात असंच कोठार आहे. दहा हजार वर्षं टिकेल अशी धोक्याची खूण कशी असावी, यावर तिथं शास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ बसवले होते. कुणी म्हणालं, जमिनीतून मोठाले काटे उभे करा. आपल्या कोकणातले गधेगाळ बघा. राजानं दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून शिव्याशाप कोरलेले दगड. बहुतेकांना हजार वर्षंही झाली नाहीत, तर कितीक ठिकाणी लोक त्यांना शेंदूर लावून नमस्कार करतात. अक्षर कुणाला लागत नाही.

म्हणून काहीजण म्हणतात, खूणच नको. विसरू द्या. माझ्या वडिलांनी तेच केलं, आणि बरीच वर्षं मला ते शहाणपणाचं वाटलं. आता वाटत नाही. विसरण्यानं पुरणाऱ्याची झोप लागते, खणणाऱ्याचं काय? आज्याची खूण फसली खरी, पण त्यानं निदान सांगायचा प्रयत्न केला होता. आणि आपल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज होते. त्या विजेवर दिवे लावणाऱ्यांत मीही आहे. आपल्याकडं अशी खोल, कायमची जागा अजून झालेली नाही. तेव्हा हे कोडं काही फक्त फिनलंडचं नाही.

मागच्या महिन्यात वाटणीत तो कोपरा चुलतभावाकडं गेला. त्याला तिथं शेततळं काढायचंय. दोन दिवस घोळत राहिलो, मग फोन केला. कुठल्या बाभळीपासून किती पावलं, सगळं सांगितलं. जेसीबी तिथं लावू नको म्हटलं.

पलीकडं जरा वेळ शांतता. मग तो हसला.

"दादा, खरं सांग. धन तर न्हाई ना तिथं?"