टॉवर आणि टिनपत्रा

“टावर मेंदूतले जीन बदलवते म्हन्ते, भाऊ,” असं अमरावतीच्या आमच्या शेजाऱ्यांनी मला सांगितलं, तेही फोनवरून. गच्चीवर टॉवर नको, या निवेदनावर त्यांना माझी सही हवी होती. मोबाइलच्या लहरींचा वाद जुही चावलांच्या 2021 च्या दाव्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलाय, तो पुन्हा उगाळत नाही. पण जनुक बदलणं वेगळं आणि जनुक कामाला लागणं वेगळं. पेशी दिवसभर जनुकं चालू-बंद करतच असते. झोप, उपास, भीती, ऊन, कशानंही.

अकोल्याचे माझे एक स्नेही आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत आले. त्यांना एवढाही विचार मंजूर नाही. या लहरींत रासायनिक बंध तोडण्याची ताकद नाही, विषय संपला! ताकद नाही, हे खरंच. पण जनुक जागं व्हायला ते तुटावं कशाला लागतं?

इथं रितोसांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या पेशी पाहत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर भलतेच फुगवटे दिसू लागले. ती उष्णतेनं जागी झालेली जनुकं होती. 1962 मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे तापवलेल्या प्राण्यांच्या मेंदूतही तोच प्रकार आढळला.

2000 साली ‘नेचर’मध्ये ब्रिटिश संशोधकांनी लिहिलं, की मायक्रोवेव्हनं सूक्ष्म कृमींमधली हीच जनुकं उष्णतेशिवाय जागी होतात. 2006 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. कृमी किंचित तापले होते, सुमारे 0.2 अंशांनी. मेंदूच्या पेशींवरच्या प्रयोगांचंही असंच: एकाला हालचाल दिसते, दुसऱ्याला तोच प्रयोग करून दिसत नाही.

“बघा, नुसती उष्णता!” स्नेही खूश.

नुसती? अकोल्यात बसून? 2024 च्या मेअखेर उन्हापायी तिथं कलम 144 लावावं लागलं होतं. टॉवरच्या मर्यादा ठरतात त्याही मुख्यतः अंग किती तापेल यावरून, आणि भारतानं 2012 मध्ये त्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणल्या होत्या. म्हणजे टॉवरची ऊब नगण्य, हे मलाही मान्य. शेजाऱ्यांची भीती हसण्यावारी न्यायची, एवढ्याच बेतानं मी विचाराला बसलो होतो. पण पेशीला अंशाच्या पाचव्या हिश्शाचीही दखल घ्यावी लागत असेल, तर त्यांचा निकष बरोबर आहे. चुकलाय तो फक्त आरोपी.

सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरलं, की टॉवरच्या लहरी मोजायला माणसं येतात. हवामान खात्याचा तापमापक मात्र पांढऱ्या झरोक्याच्या पेटीत, सावलीत असतो. टिनपत्र्याखाली दुपारी दोनला किती अंश होतात, हे मोजायला कुणाकडे अर्ज करायचा? निवेदनात ती मागणी घाला, मी सही करतो, असं शेजाऱ्यांना कळवलंय.